रावेर-यावल पट्टा, बोअरचं पाणी आणि लहान मुलांचा थायरॉईड

तापीकाठची
नमस्कार. मी जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातली. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. उंची म्हणावी तशी वाढत नाही, बद्धकोष्ठ सारखं, आणि थंडीत इतर मुलांपेक्षा जास्त गारठतो. बालरोगतज्ज्ञांनी रक्त तपासायला लावलं, तर टीएसएच (थायरॉईडला काम करायला सांगणारं मेंदूकडचं हार्मोन) थोडा वाढलेला निघाला. फ्री टी4 (थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन) बरोबर आहे. त्यांनी लगेच गोळी दिली नाही, काही आठवड्यांनी परत तपासू म्हणाले. डॉक्टरांवर माझा पूर्ण विश्वास आहे.
पण आमच्या गल्लीत आणखी दोन लहान मुलांना हेच सांगितलंय. आमचं घर केळीच्या बागेला लागून, प्यायला बोअरचं पाणी, आणि पावसाळाभर करप्याच्या (केळीच्या पानांवरच्या रोगाच्या) फवारण्या. पाण्याचा आणि फवारणीचा थायरॉईडशी काही संबंध असतो का? कुणी नीट समजावून सांगेल का? व्हॉट्सअॅपवर आलेलं काही नको, कृपया.

भुसावळकर
वाचतोय. आमच्याकडेही भाचीचा असाच रिपोर्ट आहे.

बालरोग_धुळे
ताई, आधी मुलाबद्दल बोलते, मग प्रदूषणाबद्दल. फ्री टी4 बरोबर आणि टीएसएच किंचित वाढलेला, याला आम्ही सबक्लिनिकल म्हणतो. लहान मुलांत हे बऱ्याचदा आपोआप खाली येतं. नुकताच ताप येऊन गेला असेल, वजन जास्त असेल, तरी टीएसएच थोडा वर दिसतो. म्हणून परत तपासणे हाच बरोबर रस्ता. दुसऱ्या वेळी फ्री टी4सोबत अँटी-टीपीओ ही रक्ततपासणीसुद्धा करून घ्या. शरीर स्वतःच्याच थायरॉईड ग्रंथीवर हल्ला करतं असा आजार असतो, तो त्यातून कळतो. मोठ्या मुलांत तो वारंवार दिसतो, लहानांत कमी.
टीएसएच खूप वर असेल किंवा फ्री टी4 खाली असेल तर मात्र गोळी सुरू करायला थांबायचं नसतं. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूची वाढ या हार्मोनवर चालते. तिथे "बघू पुढच्या महिन्यात" चालत नाही.
आता तुमचा खरा प्रश्न. संबंध असतो. पण तुमच्या मुलाचा टीएसएच पाण्यामुळेच वाढला असं एका रिपोर्टवरून कुणीही म्हणू शकत नाही, मीही नाही. गावातल्या मुलांच्या ग्रंथीवर कोणकोणती ओझी पडतात आणि त्यातली कोणती आपण आज उतरवू शकतो, एवढं मात्र नक्की सांगता येतं.
थायरॉईड ग्रंथीला हार्मोन तयार करायला आयोडीन लागतं. रक्तातलं आयोडीन ग्रंथीच्या पेशीत ओढून घेणारं एक प्रथिन असतं. नायट्रेट, परक्लोरेट आणि थायोसायनेट हे तीन पदार्थ त्याच प्रथिनावर जाऊन बसतात आणि आयोडीनची जागा अडवतात. परक्लोरेट यात सगळ्यात ताकदवान, नायट्रेटच्या साधारण 240 पट. पण परक्लोरेट फटाके, रॉकेटचं इंधन असल्या ठिकाणी असतं. आपल्याकडे नायट्रेट रोजच्या पाण्यात, आणि तेही भरपूर. ताकद कमी असली तरी रोजचं प्रमाण मोठं, म्हणून त्याला हलकं समजू नका.
आणि लहान मुलंच का? नवजात बाळाच्या ग्रंथीत हार्मोनचा साठा जेमतेम एका दिवसाचा असतो. मोठ्या माणसाला काही आठवडे पुरेल इतका असतो. शिवाय मूल वजनाच्या मानाने आपल्यापेक्षा जास्त पाणी पितं. तेच पाणी, तेच नायट्रेट, पण अंगावर ओझं कितीतरी जास्त.

तापीकाठची
डॉक्टर, मनापासून धन्यवाद. इतकं सोपं करून आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मग बोअरचं पाणी उकळून द्यायला लागू का?

पाणीतपासनीस
उकळू नका! ताई, हे वाचून राहवलं नाही म्हणून लगेच लिहितो. नायट्रेट उकळल्याने जात नाही. पाणी वाफ होऊन कमी होतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे उकळलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. जंतूंसाठी उकळणं चांगलंच, पण नायट्रेटसाठी उलटं. तुरटी, टीसीएल पावडर, मेणबत्तीचा फिल्टर, यूव्हीचा दिवा, यातल्या कशानेही नायट्रेट हलत नाही. आरओने कमी होतं. आणि गावोगावी जे "जारचं पाणी" येतं, त्यातलं बरंचसं नुसतं गार केलेलं असतं. जारवाल्याकडे पाण्याचा तपासणी अहवाल मागा. देत नसेल तर त्याच्या जारचाच नमुना तपासायला टाका.
मी बरीच वर्षं पाण्याचे नमुने तपासण्याच्या कामात होतो. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस 10500) पिण्याच्या पाण्यात नायट्रेट 45 मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत चालतं, आणि त्यात सूट नाही. फ्लोराईडला 1 ची मर्यादा आणि दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत सवलत, तशी सवलत नायट्रेटला दिलेली नाही. का? कारण तान्ह्या बाळांत ते रक्ताची ऑक्सिजन वाहायची क्षमताच घालवतं, बाळ निळं पडतं. ही मर्यादा मुळात त्यासाठी आखली. थायरॉईडचा विचार त्यात धरलेलाच नाही, हे लक्षात घ्या.
केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या वार्षिक अहवालात भूजलातल्या नायट्रेटसाठी देशातले 15 जिल्हे ठळकपणे नोंदवले आहेत. त्यातले 7 आपल्या राज्यातले: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ. जळगाव त्यात आहे, हे इथल्या प्रत्येक आईबापाला माहीत असायला हवं.
कुठे तपासायचं: भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची जिल्हा प्रयोगशाळा आहे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकामार्फत नमुना पाठवता येतो. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायकांना तपासणी किट चालवायला शिकवलंय. त्या किटवर नायट्रेटचा रंग बघता येतो. आकडा अगदी नेमका येत नाही, पण मर्यादेच्या आत की बाहेर ते कळतं. बाहेर निघालं की प्रयोगशाळेत पाठवा.
नमुना दोनदा घ्या, एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळा संपल्यावर. पाऊस पडला की शेतातला आणि उकिरड्यातला नायट्रेट खाली झिरपतो, म्हणून दोन आकडे वेगळे येतात. एकाच नमुन्यावर "आमचं पाणी चांगलं" म्हणू नका.

मृगबाग
थोडं थांबा. दर वेळी केळीवर आणि शेतकऱ्यावर खापर फोडायची सवय झाली आहे. गावात संडासाच्या टाक्या बोअरपासून किती फुटांवर आहेत ते बघा. उकिरडे बघा. नायट्रेट शेणातून, मैल्यातूनही येतं. आमची केळी रेल्वेने दिल्लीपर्यंत जाते, परदेशातही जाते. असं लिहून बाजार पाडू नका. बागायतदार आधीच गारपीट आणि वादळाने मेटाकुटीला आलाय.

पाणीतपासनीस
भाऊ, संडासाच्या टाकीबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. मी बघितलेल्या कित्येक वाईट नमुन्यांमागे जवळची टाकी किंवा उकिरडाच होता. अशा ठिकाणी पाण्यात नायट्रेटबरोबर मैल्याचे जंतूही सापडतात. जंतू नाहीत, वस्ती लांब आहे आणि तरी नायट्रेट जास्त आहे, तर नजर खताकडे जाणारच. दोन्ही तपासून घ्या.

कृषीपदवी_फैजपूर
मृगबाग दादा, मी स्वतः केळीवाल्या घरातला. कुणाला बदनाम करायचं नाही. पण हिशोब मांडू या.
केळीला विद्यापीठाची शिफारस एका झाडाला 200 ग्रॅम नत्र, 40 ग्रॅम स्फुरद, 200 ग्रॅम पालाश अशी आहे. 200 ग्रॅम नत्र म्हणजे 435 ग्रॅम युरिया. दीड बाय दीड मीटरवर लावलं तर एकरी साधारण 1800 झाडं. म्हणजे शिफारशीप्रमाणे दिलं तरी एकरी पावणेआठशे किलो युरिया, 45 किलोच्या 17 गोण्या. आणि आपण सगळेच जाणतो, घड भरायला लागले की शिफारशीवर किती जण थांबतात. झाडाने जेवढं उचललं तेवढं उचललं, बाकीचं पाण्याबरोबर खाली. त्यात रावेर-यावलला भूजलाचा उपसा एवढा की बोअर दरवर्षी खोल चाललेत.
यातला दिलासा असा की खत कमी करून उत्पन्न पडतंच असं नाही. ठिबकमधून आठवड्याला थोडं थोडं दिलं तर एकूण नत्रात साधारण पाव हिस्सा वाचतो. पाटाने पाणी आणि बुंध्याशी एकदम मूठभर युरिया, हे जिथे अजून चालतं तिथे पहिला बदल तोच करायला हवा. पैसेही वाचतात.
आता फवारणी. करप्यासाठी मँकोझेब हे बुरशीनाशक सगळेच वापरतात. शरीरात गेल्यावर मँकोझेबपासून ईटीयू नावाचा पदार्थ तयार होतो. डॉक्टरांनी वर सांगितलं तसं नायट्रेट आयोडीनला पेशीत शिरू देत नाही. ईटीयू त्याच्या पुढच्या पायरीवर घाव घालतं. आत आलेलं आयोडीन हार्मोनमध्ये जोडणारं जे एन्झाइम आहे, तेच अडवतं. एकाच ग्रंथीवर दोन टप्प्यांत मार. मला या सगळ्यात ही गोष्ट सगळ्यात गंभीर वाटते, कारण आपल्या गावांत दोन्ही एकत्र आहेत.
कोस्टारिकात आपल्यासारखेच केळीचे पट्टे आहेत, तिथे विमानाने मँकोझेब फवारतात. तिथल्या मातिना भागात 451 गरोदर बायकांची लघवी तपासली गेली. बागेपासून सुमारे 50 मीटरवर राहणाऱ्या बायकांत ईटीयू अर्धा किलोमीटर लांब राहणाऱ्यांपेक्षा 45 टक्के जास्त निघालं. ज्यांनी आदल्या दिवशी शेतातले कपडे धुतले होते त्यांच्यातही 11 टक्के जास्त. आपल्याकडे विमान नाही, पण ट्रॅक्टरचा ब्लोअर आहे, पाठीवरचा पंप आहे, आणि फवाऱ्याचे कपडे घरातल्या बाईच्या हातीच येतात.
युरोपीय संघाने डिसेंबर 2020 मध्ये मँकोझेबची मंजुरी वाढवायला नकार दिला. हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करणं हे त्याच्या कारणांतलं एक. आपल्या केंद्र सरकारने मे 2020 मध्ये 27 कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला होता, त्यात मँकोझेबही होतं आणि कापसावर चालतं ते क्लोरपायरीफॉसही.
आणि दादा, केळी खाण्याबद्दल: मँकोझेब वरवर बसतं, आत मुरत नाही. साल काढून खाल्लेल्या केळ्यात ते नगण्यच राहतं. केळी खाणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. धोका आहे तो बागेत राबणाऱ्याला आणि बागेशेजारी वाढणाऱ्या लेकरांना. म्हणजे आपल्याच घरात.

मृगबाग
शेवटची ओळ वाचून थांबलो. माझी नात दोन वर्षांची आहे आणि घर मळ्यातच आहे. करपा आला की बाग सोडून देता येत नाही, हेही तेवढंच खरं. मग करायचं काय ते सांगा.

कृषीपदवी_फैजपूर
दादा, करप्याची पानं वेळेत कापून बागेबाहेर नेणं, झाडं दाट न लावणं, पाणी साचू न देणं, एवढं केलं तर फवारण्या कमी लागतात. फवारणीच्या दिवशी वारा घराकडे असेल तर फवारू नका, पहाटे वारा पडलेला असताना उरका. घराला लागून असलेल्या चार-पाच ओळींत फवारणी न करता पानं कापण्यावरच भर द्या. नातीला त्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस बागेत नेऊ नका, अंगणातलं वाळवण, पाण्याची टाकी, गुरांचा चारा झाकून ठेवा. फवारणारा माणूस आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय बाळाला उचलणार नाही, हा नियम घरात करा. कपडे वेगळे, वेगळ्या बादलीत. आणि औषधाचे रिकामे डबे घरात डाळ-तांदूळ ठेवायला वापरायचे नाहीत. हे अजून चालतं, मी बघितलंय.

आजी_अमळनेर
मी अमळनेरनी. आमना घरमा पयले खडा मीठ वापरेत, चुल्हाजोडे मडकामा उघडं ठेवेत. आशाताईनी थेंब टाकीसन दखाडं ते रंगच उना नही, म्हंजे मीठमा आयोडीनच नही. आते पुडीनं मीठ डब्बामा झाकीसन ठेवतस. पोरीसले बी हाईच सांगस.

शिक्षिका_धडगाव
आजींनी सगळ्यात मोलाची गोष्ट सांगितली आणि ती इतक्या वेळ कुणी बोललंच नव्हतं. मी सातपुड्यात शिकवते. इथे केळी नाही, युरियाच्या गोण्या नाहीत, पण डोंगरातली माती पावसाने धुऊन निघते, तिच्यात आयोडीन टिकत नाही. माझ्या शाळेतल्या मुलांच्या आयांच्या गळ्याशी गाठी मी डोळ्यांनी बघितल्या आहेत. बाजाराच्या दिवशी सुट्टं खडे मीठ अजून विकलं जातं. गुरांसाठी म्हणून घेतात आणि माणसांच्याही भाकरीत जातं.
देशात गलगंड नियंत्रण कार्यक्रम 1962 मध्ये सुरू झाला, 1992 मध्ये त्याचं नाव बदलून आयोडीन कमतरतेच्या सगळ्या विकारांचा कार्यक्रम झाला. माणसाच्या खाण्यासाठी आयोडीन नसलेलं मीठ विकायला 2006 पासून देशभर बंदी आहे. घरी पोहोचेपर्यंत मिठात निदान 15 पीपीएम, म्हणजे किलोमागे 15 मिलिग्रॅम, आयोडीन असावं लागतं. उघडं ठेवलं, ओल लागली, चुलीच्या धगीला राहिलं की ते उडून जातं. म्हणून झाकण, कोरडी जागा, आणि शक्य असेल तेव्हा भाजी उतरताना मीठ. आता शहरातून "सैंधव चांगलं" असं वेड गावात यायला लागलंय. सैंधवात पुरेसं आयोडीन नसतं. लहान मूल किंवा गरोदर बाई असलेल्या घरात रोजचं मीठ म्हणून ते नको. हे मी पालकसभेत दरवेळी सांगते आणि सांगत राहीन.

बालरोग_धुळे
शिक्षिकाताई, हेच लिहायला आले होते. नायट्रेट असो की ईटीयू, आयोडीन पुरेसं असलेली ग्रंथी त्यांचा बराच मार सोसते. आयोडीन कमी असलेली ग्रंथी तेवढ्याच माराने कोलमडते. म्हणून प्रदूषणाविरुद्ध घरात करता येणारं पहिलं काम मिठाच्या डब्यापासून सुरू होतं. पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला दिवसाला 90 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, मोठ्याला 150, आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या आईला 250. मात्र मीठ जास्त खाऊ नका. प्रमाण तेच ठेवून आयोडीनचं मीठ वापरा.
मुलांवर नायट्रेटच्या परिणामाचं एक चांगलं काम पूर्व स्लोव्हाकियात झालं. जिथे पाण्यात नायट्रेट भरपूर होतं त्या भागातल्या 10 ते 13 वर्षांच्या शाळकरी मुलांच्या थायरॉईड ग्रंथी कमी नायट्रेटच्या भागातल्या मुलांपेक्षा मोठ्या आढळल्या आणि सबक्लिनिकल बिघाडही जास्त. म्हणजे ग्रंथी जास्त राबत होती.

नंदुरबारी
डॉक्टर, आमच्याकडे सगळं बाजरीवर चालतं. बाजरीने गलगंड होतो असं वाचलं. बंद करायची का? आणि कोबी?

बालरोग_धुळे
बंद करू नका. बाजरीत थायरॉईडचं काम मंदावणारी काही द्रव्यं आहेत हे खरं. सुदानमध्ये जिथे बाजरीशिवाय दुसरं फारसं खाल्लं जात नाही आणि आयोडीनचीही कमतरता होती तिथे गलगंडाशी तिचा संबंध दिसला. आपण ज्वारी, कळण्याची भाकरी, गहू, भात असं फिरवून खातो. आयोडीनचं मीठ असेल तर बाजरीची भाकरी मुलाला खुशाल द्या. कोबी शिजवल्यावर त्रास नगण्य.

आशा_चोपडा
मी गावात आशा म्हणून काम करते. बाळंतिणींना कायम एक विचारायचं राहून जातं: बाळाची टाचेतून थायरॉईडची तपासणी झाली का? आमच्या भागात तालुक्याच्या ठिकाणी बाळंत झाल्या की दुसऱ्या दिवशीच घरी येतात. डॉक्टर, ती तपासणी नक्की कधी करायची?

बालरोग_धुळे
ताई, तुम्ही हे विचारलं याचा मला फार आनंद झाला. जन्मल्यावर पहिल्या दिवशी सगळ्याच बाळांचा टीएसएच वर उसळतो, म्हणून 48 तासांनंतर, तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आत टाचेतून रक्त घेणं सगळ्यात चांगलं. लवकर घरी आली असेल तर तुमच्या गृहभेटीत आठवण करून द्या आणि जवळच्या रुग्णालयात पाठवा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) बहुकेंद्री पाहणीत आपल्या देशात साधारण 1130 बाळांमागे एकाला जन्मजात थायरॉईडची कमतरता आढळली. जगात सर्वसाधारणपणे दोन ते चार हजारांमागे एक धरतात. हे बाळ जन्मताना अगदी नॉर्मल दिसतं. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर बुद्धी जवळजवळ पूर्ण वाचते. उशीर झाला तर गेलेलं परत येत नाही.
गृहभेटीत यावर लक्ष ठेवा: कावीळ दोन आठवड्यांहून जास्त रेंगाळणं, घोगरं रडणं, जीभ मोठी, बेंबी फुगलेली, शी दोन-तीन दिवसांनी, दूध पिताना झोपी जाणं. आणि नाळेवर पोव्हिडोन आयोडीन लावायची पद्धत कुठे असेल तर थांबवा. एवढं आयोडीन एकदम अंगात गेलं की उलट बाळाची ग्रंथी काही काळ बंद पडते.
वरच्या पाण्याच्या चर्चेत एक भर घालते. बोअरचं पाणी वाईट निघालं म्हणून कुणी अंगावरचं दूध तोडू नका. आईने प्यायलेल्या पाण्यातलं नायट्रेट दुधात फारसं उतरत नाही. भीती आहे ती बोअरच्या पाण्यात कालवलेल्या पावडरच्या दुधाची.

तापीकाठची
सगळ्यांचे आभार मानते. गल्लीतल्या तिघी आयांनी मिळून नमुने काढले. आमच्या बोअरमध्ये नायट्रेट मर्यादेच्या बरंच वर आलं. धरणाच्या योजनेचा नळ दोन गल्ल्या पलीकडे आहे, त्याचं पाणी मर्यादेत निघालं. सध्या मुलांच्या पिण्याचं आणि स्वयंपाकाचं तिथून आणतो. बोअरचं पाणी धुण्याभांड्याला. ग्रामसभेत अर्ज दिलाय की तो नळ आमच्या गल्लीपर्यंत आणा आणि सगळ्या बोअरचे आकडे पंचायतीच्या फलकावर लावा. अर्जावर सगळ्यात आधी सही आजूबाजूच्या केळीवाल्यांनी केली, हे मुद्दाम लिहिते.

मृगबाग
आमच्या गावातही असा अर्ज टाकतो. नमुना कसा भरायचा, बाटली कोणती?

पाणीतपासनीस
एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली. बोअर पाच मिनिटं चालू ठेवा, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळा, तोंडापर्यंत भरा, गार ठेवा आणि त्याच दिवशी पोहोचवा. बाटलीवर गाव, बोअरची जागा, खोली आणि तारीख लिहा. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली वेगळी लागते, ती प्रयोगशाळेतूनच घ्या.

भुसावळकर
डॉक्टर, एक शेवटचं. माझी बहीण पाच महिन्यांची गरोदर आहे, थायरॉईडची गोळी चालू आहे. सरकारी दवाखान्यातून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळाल्यात. ती तिन्ही सकाळी एकत्रच घेते.

बालरोग_धुळे
वेगळ्या करायला सांगा, आजच. लोह आणि कॅल्शियम थायरॉईडची गोळी पोटातच धरून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत. थायरॉईडची गोळी पहाटे उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, चहाच्या आधी अर्धा-पाऊण तास. लोह दुपारी आणि कॅल्शियम रात्री जेवणानंतर, म्हणजे मध्ये चार तासांपेक्षा जास्त अंतर राहतं. पहिले चार-साडेचार महिने बाळ मुख्यतः आईच्याच हार्मोनवर असतं आणि पुढेही त्याला आईचं आयोडीन लागतं, म्हणून टीएसएच आता एकदा तपासून घ्या. गोळी नीट अंगी लागत नसेल तर डोस बदलावा लागेल. तो बदल तिच्या डॉक्टरांनीच करायचा.

भुसावळकर
आत्ताच फोन केला. उद्या सकाळी रक्त द्यायला जाते म्हणाली.